मृगातली रानभाज्यांची फेरी: मुरबाडजवळच्या एका ठाकरवाडीवर

आधी निकाल सांगते: जरूर जा. मृग लागल्यावर, आर्द्रा लागायच्या आत जा. फोन खिशात ठेवून विळा हातात धरायची तयारी असू द्या. जेवणाआधी निघायचा बेत असेल तर मात्र जाऊच नका, कारण या फेरीतलं अर्धं शिक्षण चुलीपाशी होतं.

ठिकाण मुरबाड तालुक्यातलं, सिद्धगडाच्या बाजूचं. वाडी ठाकरांची, खाली ओढ्याकडे कातकऱ्यांची थोडी घरं. वाडीतल्या बायकांचा बचत गट पावसाळ्याच्या सुरुवातीला ही फेरी काढतो. सकाळी आठला निघायचं, बांधाबांधाने हिंडत भाज्या ओळखायच्या, खुडायच्या, दुपारी गटातल्याच एका घरी बसून निवडायच्या, शिजवायच्या आणि मग पंगत. वाडीचं नाव मी देत नाही, कारण बायकांनीच तसं सांगितलं. धबधबे बघायला येणारी शनिवार-रविवारची गर्दी त्यांनी पाहिलेली आहे, भाताच्या रोपांत गाड्या उभ्या करणारी. ती त्यांना दारात नको आहे. मुरबाडच्या बाजारात शेवळांच्या जुड्या घेऊन बसलेल्या बायकांकडे चौकशी केलीत तर पत्ता लागतो.

मी बरीच वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं. मुलांकडून हर्बेरियम करून घेतलं. वाळवलेल्या झाडाच्या कागदावर खाली कोपऱ्यात एक चिठ्ठी असते: शास्त्रीय नाव, कुळ, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. क्वचित त्याखाली आणखी एक ओळ असते, ‘स्थानिक लोक पाल्याची भाजी करतात’. आपल्याकडे एस. के. जैन यांच्यासारख्या अभ्यासकांनी मध्य भारतातल्या आदिवासी पाड्यांवर फिरून अशा ओळी जमवल्या, त्यातून लोकवनस्पतिशास्त्र इथे उभं राहिलं, आणि त्या कामाबद्दल मला फार आदर आहे. पण त्या एका ओळीच्या पोटात काय काय असतं, कुठला पाला, कुठल्या पंधरवड्यात, किती कोवळा, काय टाकायचं, काय ठेवायचं, ते कागदावर येत नाही. ही फेरी नेमकं ते दाखवते. म्हणून मला ती मोलाची वाटते.

फेरी नेणाऱ्या मावशी साठीच्या पुढच्या. पायात साध्या स्लिपर, डोक्यावर इरलं, कमरेला विळा. बोलतात कमी. पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे हद्द दाखवली. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली झालं, त्याची सीमा वाडीच्या वरच्या अंगाने जाते. पलीकडे खुडायला जायचं नाही, असं त्यांनी काठीने जमिनीवर रेघ ओढून सांगितलं. अलीकडेही आपण पाहुणे. वन हक्क कायद्याने २००६ साली गौण वनोपजाचा, म्हणजे जंगलातलं लाकूड सोडून पाला, फळं, कंद असं जे मिळतं त्याचा, हक्क दिला तो जंगलावर जगणाऱ्या या माणसांना, शहरातून आलेल्या आपल्याला तो नाही. म्हणून खुडलेलं सगळं गटाच्या टोपलीत जातं आणि घरी नेण्यासाठी पिशवी काढली तर मावशी सरळ नाही म्हणतात. हे मला फार आवडलं.

सुरुवात फोडशीने झाली. काही लोक हिला कुळूची भाजी म्हणतात. बांधावर गवतातच उगवते, पात लांब, हिरवीगार, मधून घडी पडल्यासारखी. बरोबरच्या एका मुलाने फोनवरच्या ॲपने फोटो काढला आणि ॲपने ‘क्लोरोफायटम’ असं उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं. कुंडीत लावतात तो स्पायडर प्लांटही त्याच प्रजातीतला. पण मावशींनी लगेच हात दोनेक फुटांवर नेला आणि दुसरी एक पात दाखवली, लांबून जवळजवळ तशीच. विळ्याच्या टोकाने माती उकरली. खाली पांढरा, कांद्यासारखा गड्डा. तो रानकांदा, आणि तो विषारी. हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं त्यात असतात. फोडशीच्या खाली असा गड्डा नसतो, जाडसर मुळ्या असतात. सगळ्यांनी स्वतःच्या हाताने एकेक पात उकरून बघितल्याशिवाय मावशी पुढे सरकल्या नाहीत. नंतर मात्र उकरायला बंदी. खुडताना विळा जमिनीच्या वर चालवायचा, मुळी आत राहिली पाहिजे. एका बाईंनी सपकन मुळासकट उपटली तेव्हा त्या म्हणाल्या, “ताई, असं उपटलं तं पुढल्या साली काय खायचं?”

टाकळा सगळ्यांनाच माहीत असतो असं आपण धरून चालतो. रस्त्याच्या कडेला रानोमाळ माजतो. पण वनस्पतिशास्त्राच्या वर्गात मी ज्या फरकावर तासभर खडू झिजवला असता तो मावशींनी दोन डहाळ्या शेजारी धरून मिनिटभरात दाखवला. टाकळ्याला पानाच्या देठावर पर्णिकांच्या, म्हणजे छोट्या पानांच्या, बहुधा तीन जोड्या, टोकाशी गोलसर. त्याच्याच जातभाईला, कासविंद्याला, जास्त जोड्या आणि प्रत्येक पर्णिका टोकदार. कासविंद्याच्या बिया मुलांच्या पोटात गेल्या तर मेंदूपर्यंत विषबाधा होऊ शकते, पश्चिम उत्तर प्रदेशातल्या मुलांच्या आजारपणात हे दिसून आलेलं आहे. मावशींना तो अभ्यास माहीत असायचं कारण नाही. “त्याच्या शेंगा पोरांना खेळायला देत नाहीत,” एवढंच त्या म्हणाल्या. टाकळाही कोवळा असतानाच घ्यायचा, वीतभर वाढायच्या आत. पुढे तो उग्र होतो, आणि फुलावर आला की त्याच्याकडे कुणी बघत नाही.

आता शेवळं. या एका भाजीसाठीसुद्धा हा खटाटोप करावा असं मला वाटतं.

शेवळ म्हणजे सुरणाच्या प्रजातीतलं रानटी झाड, पश्चिम घाटाचं खास आपलं. पान येण्याआधी त्याचा फुलोरा जमिनीतून सरळ वर येतो, जांभळट तपकिरी आवरणात गुंडाळलेला, लांबुळका. पहिल्या सरी पडल्या की दहा-पंधरा दिवसांचा खेळ. मावशी पानगळीच्या थराखालून तो कसा हेरत होत्या ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. पाचोळा जिथे किंचित उचलल्यासारखा दिसे तिथे त्या वाकत. एका ठिकाणी पाच कोंब होते. त्यांनी तीन घेतले, दोन ठेवले, आणि ठेवलेल्यांवर पाचोळा परत ओढला. कारण विचारल्यावर म्हणाल्या की खाली गड्डा आहे, तो मरत नाही, पण सगळे मोड काढले तर बी कुठून पडणार? मी वर्गात परागीभवन शिकवलेली बाई. शेवळाचा फुलोरा म्हणजे त्याची प्रजोत्पादनाची सगळी शिदोरी, गड्ड्याने झाड टिकेल पण नवं झाड बियांतून येणार, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. ते ज्ञान तीन घ्यायचे आणि दोन ठेवायचे इतक्या साध्या सवयीत उतरलेलं मी प्रथमच पाहिलं. मुंबई-ठाण्याच्या बाजारात जूनमध्ये शेवळांचे ढीग लागतात. त्या ढिगांमागे दोन ठेवले जातात का, हा प्रश्न आता माझ्या मनातून जात नाही.

शेवळ घरी आणलं की खरी परीक्षा सुरू होते. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, नीट न केलेलं शेवळ खाल्लं तर घसा अक्षरशः ओरबाडून निघतो. चुलीपाशी आम्हा प्रत्येकाला दोन-दोन शेवळं दिली. हाताला तेल चोळायचं. बाहेरची आवरणं एकेक करून सोडवायची, वरचं जून, चिवट ते टाकायचं. आतला दांडा उघडा पडतो. त्याच्या खालच्या अंगाला पिवळसर दाणेदार भाग असतो, तो नखाने नव्हे, सुरीने पूर्ण काढायचा, कारण खाज तिथे जास्त. उरलेलं बारीक चिरून तेलात परतायचं. मग काकडं. काकड हे जंगलातलं झाड, त्याची हिरवी आंबट फळं याच दिवसांत मिळतात, आणि ठाणे-रायगडात शेवळं विकणारी बाई शेवळांबरोबर काकडांचा वाटा ठेवतेच. ती फळं ठेचून रस भाजीत घालायचा. काकडं नसतील तर चिंचेचा कोळ, पण मावशींच्या तोंडावरून चिंच ही त्यांच्या लेखी तडजोड आहे हे स्पष्ट दिसत होतं. दोन झाडं एकाच पंधरवड्यात येतात आणि एक दुसऱ्याचा उतारा होतं, हे कुणीतरी कधीतरी चाखून, घसा खाजवून घेऊन शोधलं असणार. त्या माणसाचं नाव कुठेच नोंदलेलं नाही.

वाटेवर कळलावीचे कोवळे कोंब दिसले. पानाची टोकं लांबून तणाव्यांसारखी वळलेली, श्रावणात हिला लाल-पिवळी फुलं येतील. मावशींनी ती सगळ्यांना लांबून दाखवली आणि हात लावायला मनाई केली. तिच्यात कोल्चिसिन हे विष असतं, आणि कंद समजून तिचा गड्डा खाल्ल्याने माणसं दगावलेली आहेत. कुणीतरी विचारलं, बाळंतपणाच्या वेळी हिचा काही उपयोग करतात ना? मावशी म्हणाल्या, “करायच्या पूर्वी सुइणी. ते इथं सांगायचं नाही.” एवढं बोलून त्या चालू लागल्या. माहिती लपवतात म्हणून एकदोघे नाराज झाले. माझ्या मते फेरीतला हा सर्वांत जबाबदार क्षण होता. विषारी वनस्पतीचा उपचार अर्धवट ऐकून कुणी घरी करून पाहिला तर काय होईल, याचा विचार त्यांनी आमच्यापेक्षा जास्त केलेला आहे. आणि काय सांगायचं, कुणाला, हे ठरवायचा अधिकार ज्ञान ज्याचं त्याचाच.

गटाने यंदा वाडीतल्या दोन मुलींनाही फेरीत घेतलं होतं, टोपल्या सांभाळायला आणि मावशींचं बोलणं मागच्यांपर्यंत पोचवायला. त्यातली एक मावशींची नात, आश्रमशाळेत नववीत. तिच्याशी बोलताना एक गोष्ट ध्यानात आली आणि ती मला अस्वस्थ करते. शाळा जूनच्या मध्याला उघडते. रानात सगळं उगवायचे, ओळखायचे, खुडायचे दिवस तेच, आणि आश्रमशाळा निवासी असल्याने मुलं तेव्हा वसतिगृहात. दिवाळीच्या सुट्टीत घरी येतात तोवर टाकळा वाळलेला असतो आणि शेवळाचं नावनिशाण नसतं. शिक्षण हवंच, त्याबद्दल दुमत नाही. पण जूनमधला एक आठवडा ही मुलं आजीबरोबर रानात राहिली आणि तो शाळेच्या हजेरीत धरला गेला, तर काय बिघडेल? शेवळ हातात घेऊन सोलल्याशिवाय ते शिकता येत नाही.

जेवणाबद्दल थोडक्यात. तांदळाची भाकरी, सुका जवळा घालून शेवळं, लसूण आणि चण्याची डाळ घालून टाकळा, कांद्यावर परतलेली फोडशी, भारंगीच्या कोवळ्या पाल्याची भाजी. भारंगी कडू असते, पाला उकडून पाणी पिळून टाकतात, तरी थोडा कडवटपणा राहतो आणि तो राहिलाच पाहिजे. शाकाहारी असाल तर आधी सांगा, शेवळं जवळ्याशिवायही करून देतात. फोडशी निवडायला कंटाळा येतो, पातीतली जाड शीर आणि बुडखा काढावा लागतो, माती फार असते, पण चव अशी निवळ की मी दोनदा वाढून घेतली. घसा कुणाचाही खाजला नाही.

आता तक्रारी. माझ्या वेळी फेरीची नोंदणी शहरातल्या एका सहली काढणाऱ्या मंडळींमार्फत होती, माणशी १,२०० रुपये. त्यातले किती गटाला मिळाले हे मी दोन्हीकडे विचारलं आणि मिळालेली उत्तरं जुळली नाहीत. थेट गटाशी बोलून गेलात तर ६०० रुपये पडतात, आणि ते सगळे वाडीत राहतात. थेटच जा. शिवाय त्या दिवशी माणसं खूप होती, वीस-पंचवीस तरी. बांधावरून एकामागोमाग चालताना शेवटच्या पाच-सहा जणांना मावशींचं बोलणं ऐकूच येत नव्हतं. दहाच्या पुढे माणसं घेऊ नयेत.

पण माझी मुख्य तक्रार त्या मंडळींनी वाटलेल्या पत्रकावर आहे. गुळगुळीत कागद, सुंदर फोटो, आणि प्रत्येक भाजीखाली आजारांची यादी: मधुमेह, सांधेदुखी, कॅन्सरसुद्धा. हे लिहू नये. मावशींनी दिवसभरात यातला एकही दावा केला नाही. टाकळ्याचा पाला त्वचेवर लावतात, भारंगी खोकल्यावर देतात, इतकं त्या बोलल्या आणि पुढे म्हणाल्या की अंगात ताप असला तर डॉक्टरकडे जायचं. पत्रकासोबत रानभाज्यांच्या सुक्या पुड्या विकायला होत्या. पुडीवर कुठल्या महिन्यात खुडलं, कोवळं की जून, कुणी खुडलं, काहीच नाही. कासविंदा आणि टाकळा वाळवून चुरला की मलाही ओळखता येणार नाही. अजिबात घेऊ नका.

आणि त्या पत्रकावर मावशींचं नाव नव्हतं. ‘स्थानिक आदिवासी महिला’ एवढंच होतं. डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलाबारिकस’चे १२ खंड १६७८ ते १६९३ मध्ये ॲमस्टरडॅमला छापून घेतले, तेव्हा इट्टी अच्युतन या वैद्याचं नाव आणि त्याचं लेखी निवेदन पहिल्या खंडात छापलं. वसाहतवाल्या गव्हर्नरला सतराव्या शतकात जे सुचलं ते आज आपल्याला सुचू नये? केरळातल्या काणी आदिवासींनी आरोग्यपच्च ही वनस्पती दाखवली, त्यावरून ‘जीवनी’ हे औषध झालं आणि १९९७ साली त्यांचा न्यास स्थापन झाला, परवान्याच्या पैशातला निम्मा वाटा त्या समाजाला देण्यासाठी. त्या व्यवहारातही पुढे अडचणी आल्या, तरी ज्ञान कुणाचं हे तिथे मान्य झालं. इथे तर प्रश्न एका पत्रकाचा आहे. नाव छापलं तर चालेल का, असं मी मावशींना विचारलं. इंटरनेटवर नको, कुणीही येतं, असं त्या म्हणाल्या. कागदावर मात्र चालेल, “नातीला दाखवीन.” आयोजकांना मी हे लेखी कळवलं आहे.

जायचं ठरवलंत तर एवढं करा. पावसाळी बूट किंवा घट्ट सँडल घाला, बांध निसरडे असतात. स्वच्छतागृह एका घरचं आहे, साधं, स्वच्छ. आठ वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका, सुरी-विळ्याचं काम आहे आणि सोलताना खाजलेले हात ती तोंडात घालतात. मोठ्या मुलांना मात्र अवश्य न्या. वही न्या आणि भाजीच्या नावाशेजारी तारीख, पाऊस किती झाला होता, कुठला भाग घेतला, कुठला टाकला हे लिहा. गावाच्या जैवविविधता नोंदवहीत यातलं काय उतरलंय, असं मी गटाला विचारलं तर कुणाला सांगता आलं नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याखालच्या नियमांनी प्रत्येक स्थानिक जैवविविधता समितीवर ती नोंदवही करायची जबाबदारी टाकलेली आहे. तुमच्यापैकी कुणी त्या भागात काम करत असेल तर ग्रामपंचायतीत चौकशी करा, आणि नोंद करायची झाली तर बायकांना समोर बसवून, त्यांना विचारून करा.

पाचपैकी साडेचार गुण, अर्धा पत्रकासाठी कापला. गट श्रावणात दुसरी फेरी काढणार आहे, तेव्हा कंटोळी आणि चाई या रानवेलीचा मोहर असेल. मी नाव दिलं आहे, थेट गटाकडे.